सागवानी जमिनीचं घर

२ डिसेंबर १९७४, परभणी
आलो बाई एकदाचं! यांची बदली झाली आन् मानवत गाव सुटलं. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत भाड्यानं घर मिळालंय. घरमालक जंगल खात्यात होते, म्हणून सगळ्या खोल्यांत सागवानी फळ्यांची जमीन. मला तर हसूच आवरेना. आता सारवण नाही, पोपडे नाहीत! हे चिडवायलेत, म्हणे घसरून पडलीस की शेणाची आठवण येईल. शेजारच्या केशरबाईंनी भाकरी आन् ठेचा आणून दिला. माझी तान्ही सुमी अजून रांगत नाही, पण पालथी पडून फळ्यांवर हात आपटायलीय. माझा थोरला, गणू, श्रावणात गोवरानं गेला. त्यानंतर आज पहिल्यांदा हसलीस, असं हे म्हणाले.

७ डिसेंबर
दुपारी हे कचेरीत गेले की मधल्या खोलीत फळ्या वाजतात. केशरबाई म्हणाल्या, थंडीनं लाकूड आकसतं, त्यात काय एवढं. बरं बाई, आकसू दे.

११ डिसेंबर
लाकूड असं चालत नाही. एक पाय टेकतो, दुसरा ओढत येतो. गणूचा डावा पाय अधू होता. तो गेला तेव्हा सासूबाईंनी त्याला ठेवलेल्या जागी राख पसरून वर टोपलं झाकलं होतं. जीव कुठं गेला ते सकाळी राखेत उमटतं म्हणतात. काहीच उमटलं नाही. लेकरू कुठं अडकलं, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आज मीच मधल्या खोलीत राख पसरली, टोपलं झाकलं. थोड्या वेळानं उचललं तर इवलंसं पाऊल आन् शेजारी ओढल्याची रेघ! तिथंच बसून पोटभर रडले. लय आनंद झाला.

१२ डिसेंबर
केशरबाईंनी कपाळावर हात मारला. राख एकदाच पसरायची असते, निरोपाला. दुसऱ्यांदा पसरली की ते बोलावणं होतं, म्हणाल्या. होऊ दे की. माझंच लेकरू हाय.

१५ डिसेंबर
सुमी पोटात राहिली तेव्हा कडुनिंब लावून गणूचं दूध तोडलं होतं. आता रोज दुपारी तो येऊन अंगावर पितो, माझी मांडी जड होते. त्याचं पोट भरतं, आन् सुमीसाठी थेंब उरत नाही. वरचं दूध ती ओकून टाकते. मनगटं काडीसारखी झालीत पोरीची.

१८ डिसेंबर
डॉक्टरांना काही कळेना. हे रडले. केशरबाई म्हणतात, आईनं स्वतःच्या तोंडानं जा म्हटलं तरच तो जाईल, न्हाई तर सुमी हातची जाईल. कसं म्हणू? एकदा गेलाय ना तो. आता माझ्याच जिभेनं परत —

१९ डिसेंबर
सुमी मांडीवर निपचित, डोळे उघडेना. हे टांगा आणायला गेलेत. म्हटलं शेवटी. जा रे राजा, जा —

एकट्याला भ्या वाटतंय म्हणाला. माझा जीव तुटला. मी म्हणाले, भिऊ नको, सोबत हाय तुला —

उतरला दुसऱ्या मांडीवरून. फळ्या वाजायल्यात, दाराकडं. त्याचा पाय ओढल्याचा आवाज. आन् त्याच्या मागं अजून — दुडुदुडु —

सुमीला तर चालता — ही मांडीवर अशी गार का —

सुमे, थांब गं, मी तुला नव्हतं म्हटलं, मी —