डाळिंबी गालिचा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. यात मध्ये बोलता येत नाही.

नवं घर लागलं. म्हणजे सजावटवाल्या बाईंनी लावलं. आम्ही त्यात पाहुण्यासारखे वावरतो. दिवाणखान्यात जुना गालिचाच हवा, असं त्यांचं म्हणणं. नवा असून जुना दिसणाराही मिळतो म्हणे. माणसांत याच्या उलट प्रकार चालतो. मी म्हटलं, आमच्याकडे खराखुरा जुना आहे. आईने घेतलेला, आपण ज्यावर लोळून मोठे झालो तो. तुझ्याकडे गुंडाळून पडलाय, तेवढा धुऊन पाठव.

खरं कारण वेगळंच. बाबांना तुझे जिने झेपत नाहीत. इथे लिफ्ट आहे, पण ते म्हणतात, तुझं घर दुकानासारखं दिसतं, मी काय विक्रीला बसू? पायाखाली ओळखीचं काही असलं तर राहतील, असं वाटतं. नाही राहिले तर पुन्हा तुझे जिने, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे.

लोभ आहेच, टोमणे कमी केलेस तर तो उठून दिसेल.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. बबड्यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशीच्या माणसाला बबड्या म्हणू नये म्हणतोस, पण टक्कल पडल्यापासून तू पुन्हा तसाच दिसतोस.

गालिचा धुवायला दिला. धुणाऱ्याने फोन करून विचारलं, खालचं अस्तर काढू का? म्हटलं, काढा. आणायला गेले तर तो गालातल्या गालात हसत उभा. अरे, आपला गालिचा जन्मभर उलटा होता! आपण लोळलो ती त्याची पाठ. लवेची मऊ बाजू झिजू नये म्हणून आईने तिला जुन्या चादरीचं अस्तर शिवून खाली घातली होती. चांगले कप कपाटात, चांगली चादर पेटीत, तसा चांगला गालिचा गालिच्याखाली! आणि आपण त्या मातकट पाठीलाच नक्षी म्हणत बसलो.

खरी बाजू लालभडक आहे, निळ्या वेलीची, जराही न झिजलेली. मी तिथेच खाली बसून हात फिरवत राहिले. शेवटी धुणाऱ्याने पाणी आणून दिलं.

बाबांना काही बोलले नाही. ते आणि बांधलेला गालिचा, दोघांना एकाच गाडीने पाठवते.

माया आहे तशी असू दे, पत्र मात्र लवकर टाक.

तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं फसलं बघ. गालिचा अंथरला, घर उजळलं, आणि बाबा दारातच थबकले. म्हणाले, हा आपला नाही. धुणाऱ्याने बदलून दिलाय, आणि तुम्ही दोघं अजून तसेच बावळट. बॅग उघडायला तयार नाहीत, परतीचं तिकीट काढ म्हणाले. मी अस्तराची हकिकत सांगितली. त्यांनी वाकून कोपरा उचलला, पाठ बघितली, पुन्हा रंग बघितला. मग खुर्ची गालिच्याकडे वळवून बसले. जेवलेही नीट नाहीत.

आज सकाळपासून दार लावून तुला काहीतरी लिहिताहेत. मला वाचायची बंदी आहे. दिलं की सोबत पाठवतो.

राग नको, मार्ग सुचव.

तुझा धाकटा

२४ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

गालिचा आणला तेव्हा मी कामाच्या फिरतीवर होतो. परतलो तर तो अंथरलेला. तुझी आई म्हणाली, कसा डाळिंबी आहे ना? मला दिसत होता मातीचा रंग. नवा संसार, वाद कोण घालणार? पण पुढेही ती अधूनमधून मला तेच म्हणायची, तेव्हा काळजी वाटून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्मा लागला. घरी येऊन विचारलं, आता कसा दिसतो? म्हणाली, आता तर जास्तच डाळिंबी! आणि इतकी हसली, की कपातला चहा बशीत सांडला. ते हसणं मी आजवर चष्म्याच्या आनंदाचं समजत आलो.

इथे ऊन लागून रंग उडू नये म्हणून जाड पडदा सोडलाय. मघाशी लिहिणं थांबवून बाहेर आलो आणि तो सरकवला. बबड्या ओरडला. त्याला म्हटलं, जपायचं काम तिने पुरेपूर करून ठेवलंय, उडवायचं मी बघतो. मग अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. फार मऊ आहे गं.

माझी खाट आणि राहिलेले कपडे पाठवून दे. रंग उडायला वेळ लागेल, तोवर इथेच आहे.

तुझे बाबा