बेल्जियम नेहमी माझ्याकडे

बाबा, शॉमबर्गचं घर विकायला काढलंय. आई आता माझ्याकडेच राहणार. काल बेसमेंट आवरताना तुमचा युद्धाच्या खेळाचा नकाशा सापडला, १९१४च्या ऑगस्टचा, आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्यांचा डबा. डब्याला अजून चिवड्याचा वास येतो.

रविवारी जेवणं झाली की तुम्ही खालून हाक मारायचात. जर्मनी तुमच्याकडे, बेल्जियम माझ्याकडे. मी नऊ वर्षांची. लिएज शहराभोवती मी माझे किल्ले नीट गोल मांडते, आणि तुम्ही चहा पीत सावकाश अवजड तोफा आणता आणि एकेक पाडता. पडलेली सोंगटी मी माझ्या हाताने डब्यात टाकायची, हा तुमचा नियम. दुसरा नियम, हात लावला की खेळी झाली. एकदा पुलावरची सोंगटी वाकडी दिसली म्हणून मी बोट लावलं.

"हात लावलास. हलव आता."

"दॅट्स नॉट फेअर, बाबा! मी फक्त अ‍ॅडजस्ट करत होते."

"बेल्जियमला कोणी फेअर विचारलं होतं?"

मी रडायला लागले. आई जिन्यावरून म्हणाली, "अहो, लहान आहे ती. एकदा जिंकू द्या की."

"या परक्या कंट्रीत तिला कोण जिंकू देणार आहे? रडून झालं की ये गं वर." दिवा बंद करून तुम्ही जिना चढलात. मी अंधारात चाचपडत सोंगट्या गोळा केल्या. तुमच्याइतका राग दुसऱ्या कुणाचा आला नाही मला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग बऱ्याच वर्षांनी तुम्हाला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. थेरपिस्ट म्हणाली, त्यांच्या आवडीचं काहीतरी आणा. मी हा डबा हॉस्पिटलात आणला. पलंगावरच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि आयुष्यात पहिल्यांदा जर्मनी मी घेतलं. तुमचा डावा हात सावकाश पुढे आला आणि वाटेत पुलावरच्या सोंगटीला लागला.

"हात लावलात, बाबा."

तुम्ही मानेने नाही नाही म्हणत होतात. मी ती सोंगटी हलवली, तोफा आणल्या, सगळे किल्ले पाडले. मग एकेक सोंगटी तुमच्या बोटांत कोंबून तुमच्याच हाताने डब्यात टाकायला लावली. तुमच्या गालावरून पाणी ओघळलं. "रडून झालं की सांगा," म्हणाले आणि खाली कॉफी प्यायला गेले. कॉफी चांगली लागली. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

भेटायला आलेल्या काकवांना, मावश्यांना मी सांगितलं, बाबा शेवटपर्यंत माझ्याशी खेळले. सगळ्यांनी डोळे पुसले. आईने तर माझा हात धरून ठेवला.

हे पत्र डब्यातच ठेवतेय, आणि डबा उद्या कचऱ्यात जाईल. त्याआधी एक लिहून टाकते. तुमचा हात सोंगटीकडे येतच नव्हता. पुलाच्या अलीकडे माझा हात होता, त्याच्याकडे येत होता. मला ते तेव्हाच दिसलं होतं.