कठड्यापाशी बोललेलं वाक्य

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि ज्या भाषेत मी हे लिहिते आहे ती तुमची राहिलेली नाही. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं बोलणं इथल्यासारखं झालं आहे. सुरुवातीला भाजीवाली हसायची, शेजारच्या वहिनी मला मुद्दाम बोलतं करायच्या, 'मजला' आणि 'तुजला' ऐकून त्यांना फार गंमत वाटायची. मग मी एकेक शब्द बदलत गेले. आता कोणी हसत नाही. तुम्ही समोर येऊन बसलात तर मात्र तुम्हाला मी परकी वाटेन, आणि तरी तुम्ही कान टवकारून ऐकत राहाल, कारण असं बोलणारं माणूस भेटावं म्हणूनच तुम्ही जन्मभर वाट पाहिली होती.

कुंभकोणमला आपली भाषा फक्त उंबरठ्याच्या आत होती. दारातून पाऊल बाहेर पडलं की तमिळ. बाहेर ती एकाच कामाला यायची, पडद्यासारखी. भांड्यांच्या दुकानात अम्मा दुकानदाराकडे पाहून गोड हसायची, हातातलं पातेलं कौतुकानं फिरवायची आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं मला सांगायची, "ऊठ गे, हा लबाड आहे. तळाशीं भोक बुजवून डाग दिला आहे, दिसतो काय?" दुकानदाराला वाटायचं, बाईंना पातेलं आवडलं. चेहरा एक आणि वाक्य दुसरं, हे आम्ही मुलं बोलायला लागलो तेव्हापासूनच शिकलो. चार लोकांत उभं राहून घरातलं बोलायचं आणि कोणालाच कळायचं नाही, या सुखाची इतकी सवय होती की आपलं बोलणं समजणारी लाखो माणसं या देशात आहेत हे मला खरंच वाटायचं नाही.

तुम्हाला मात्र ते रोज आठवायचं. दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी तुम्ही भीमेकाठच्या त्या गावाचं नाव घ्यायचात, जिथून आपला कोणी पूर्वज तंजावरच्या मराठी राजाच्या माणसांबरोबर दक्षिणेत उतरला होता. तुम्ही तिकडे कधी गेला नाहीत. तिकडचं माणूसही तुम्हाला कधी भेटलं नाही. एकदा कोणी सांगितलं की पट्टीश्वरम्‌च्या देवळात महाराष्ट्रातले यात्रेकरू उतरले आहेत, तर तुम्ही भर दुपारी सायकल काढलीत. संध्याकाळी परत आलात तेव्हा चेहरा उन्हानं काळवंडला होता. त्यांची बस तासाभरापूर्वीच निघून गेली होती. अम्मा म्हणाली, "जाऊं द्या. भेटले असते तरी काय विचारणार होतां?" तुम्ही पाय धूत म्हणालात, "गांव अजून आहे काय, तें. आणि आमचें बोलणें त्यांस आपलें वाटतें काय, तें."

आणि मग ती सहल. मी शाळेची शेवटची परीक्षा दिली होती त्या उन्हाळ्यातली. तिरुभुवनम्‌च्या विणकरांच्या सोसायटीत तुम्ही साड्या तपासायचात. उत्तरेच्या खिडकीपाशी उभं राहून रेशमाचा पोत बोटांनी वाचायचात आणि काठातला एक चुकलेला धागा डोळे मिटून सांगायचात. कोडाईकनालला उन्हाळ्यासाठी गेलेल्या एका जमीनदार घराण्याला लग्नाच्या साड्या दाखवायच्या होत्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी आपली काळी मोटार आणि ड्रायव्हर दिला, आणि साड्यांची ट्रंक तुमच्या हवाली केली. तुम्ही म्हणालात, "मुलीस नेतों. तिनें डोंगर पाहिला नाहीं." खरं म्हणजे तुम्हीही पाहिला नव्हता. अम्मा बाहेरचं पाणी पीत नसे, म्हणून ती आली नाही. तिनं पहाटे उठून चिंचेचा भात आणि दहीभात केळीच्या पानांत बांधून दिला आणि दारात उभी राहून ड्रायव्हरला तमिळमध्ये बजावलं, "हळू चालव बाबा, ट्रंकेत लग्न आहे कोणाचं तरी."

आपल्या गावात उंच म्हणजे गोपुर आणि खोल म्हणजे विहीर. जमीन ताटासारखी सपाट. दिंडुक्कल मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि तुम्ही लहान मुलासारखे खिडकीला चिकटलात. प्रत्येक वळणाला म्हणत होतात, "हें पाहा, हें पाहा!" मी पाहत नव्हते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली सोळा वर्षांची मुलगी होते आणि मला डोंगर पाहून न हरखणं जमायला हवं होतं. अर्ध्या घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडून म्हणाला, "अय्या, हिच्यापेक्षा माझे बैल बरे होते. ते निदान विचारून पाणी प्यायचे." तुम्ही हसलात, त्याच्या हातातला डबा घेतलात आणि कोट सावरत झऱ्यावरून पाणी आणायला स्वतः गेलात. तो नको नको म्हणत होता.

गाडी थांबली होती तिथेच रस्त्याच्या कडेला दगडी कठडा होता. लोक दरी पाहायला तिथे उतरत. मी कठड्यापाशी गेले, आणि अप्पा, न हरखणं मला जमलं नाही. पायांखालून जमीनच निघून गेली होती. समोरच्या काळ्या कड्यावरून एक धबधबा इतक्या खोल पडत होता की त्याचा आवाज वर येत नव्हता. तळाशी धुकं होतं, आणि धुकं फाटलं की निळसर मैदान दिसे. तिथून आपण सकाळी आलो होतो. तुम्ही डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. म्हणालात, "कैसें खोल आहे! तिकडचे डोंगरही ऐसेच असतील, नव्हे?"

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला एक जोडपं उभं होतं. गृहस्थ कोट-हॅटमधले, डोळ्यांना दुर्बीण. बाई काळा चष्मा लावलेल्या, फिक्या निळ्या साडीतल्या. दोघं आपसात इंग्रजी बोलत होते, ते इंग्रजी आमच्या सिस्टर बोलत तसं होतं, सैल आणि सहज. मी मनातल्या मनात माझी वाक्यं जुळवू लागले. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. तुमच्या मनात आनंद मावत नव्हता, कोणाशी तरी बोलायलाच हवं होतं. हातात पाण्याचा डबा, धोतराचा काठ चिखलानं भरलेला, आणि तुम्ही त्या गृहस्थांना मान लववून विचारलंत, "सर, हाउ मेनी फीट्स डीप?"

गृहस्थांना नीट कळलं नाही. त्यांनी दुर्बीण खाली करून "पार्डन?" म्हटलं. तुम्ही पुन्हा तेच, मोठ्यानं. आणि मी, अम्मानं शिकवलं होतं तसंच, चेहऱ्यावर गोड हसू ठेवून, दरीकडे कौतुकानं पाहत आपल्या भाषेत बोलले, "अप्पा, तोंड उघडूं नका. तुमचें इंग्रजी ऐकून मजला शरम वाटते. गाडींत जाऊन बसा."

त्या बाईंनी काळा चष्मा काढला. "अगं," त्या म्हणाल्या, "नोकर असला म्हणून काय झालं? वयाचा तरी मान ठेवावा माणसानं."

मराठीत. लख्ख मराठीत.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या चेहऱ्यावर आधी जे उजळलं ते मी विसरू शकत नाही. एका क्षणापुरतं तुम्हाला त्यातला राग ऐकूच आला नव्हता, फक्त भाषा ऐकू आली होती. तुमचे ओठ उघडले. मग बाकीचं तुमच्यापर्यंत पोचलं: मी काय बोलले, ते यांनी ऐकलं, 'अप्पा' हे यांना कोणा नोकराचं नाव वाटलं, आणि तुम्ही माझे कोण आहात हे यांना माहीत नाही. तुम्ही बोलला असतात तर त्यांना कळलं असतं की ही मुलगी हे आपल्या बापाला म्हणाली. मी काहीतरी सांगेन म्हणून तुम्ही वाट पाहिलीत, अगदी थोडी. मी सांगितलं नाही. मग तुम्ही ओठ मिटलेत, दोन पावलं मागे सरलात आणि घरच्या मुलीला नोकर हाक मारतात तसे तमिळमध्ये म्हणालात, "चिन्नम्मा, गाडी आता तयार होईल."

बाई माझ्याशी बोलत राहिल्या. राग त्यांना फार वेळ धरता येत नसावा. "तुम्ही तंजावरकडचे का गं? ऐकलं होतं इकडे आपली माणसं आहेत म्हणून. अहो, ऐकलंत का, ही मुलगी जुन्या पोथीतल्यासारखं बोलते! किती गोड! घरात वडीलमाणसं असतील ना? त्यांचं बोलणं तर ऐकतच राहावं असं असेल." तुम्ही दोन पावलांवर उभे होतात. डबा तिरका झाला होता, पाणी तुमच्या चपलांवर सांडत होतं, आणि तुम्ही समोरच्या कड्याकडे पाहत एकेक शब्द ऐकत होतात. बाईंनी विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

अप्पा, मला ते नाव येत होतं. दर श्राद्धाला ऐकलेलं. पण मी ते उच्चारलं असतं तर तुमच्यानं गप्प राहवलं नसतं, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "माहीत नाहीं."

गाडी सुरू झाली. तुम्ही पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलात. येताना तुम्ही मागे, माझ्या शेजारी होतात. ती दोघं कठड्यापाशी उभी राहून हात हलवत होती, तुम्ही मागे वळला नाहीत. मी तुमच्या रागावण्याची वाट पाहत होते. एका शब्दानं रागावला असतात तर मी रडले असते, पाया पडले असते, गाडी वळवायला सांगितली असती. निदान आज मला तसं वाटतं. तीन-चार वळणांनंतर तुम्ही म्हणालात, "तिकडले लोक भरभर बोलतात." एवढंच. त्यात कौतुक होतं. ड्रायव्हरला वाटलं तुम्ही त्याच्याशी बोललात, त्यानं "काय अय्या?" विचारलं आणि तुम्ही "काही नाही, समोर बघ" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी साड्या पसंत झाल्या आणि आपण उतरू लागलो. तोच कठडा आला तेव्हा ड्रायव्हरनं वेग कमी केला. "थांबू का अय्या? काल तुम्हाला फार आवडलं होतं." तुम्ही म्हणालात, "नको. मुलीला गाडी लागते." मला गाडी लागत नव्हती. घरी अम्मानं विचारलं, डोंगर कसा होता, तेव्हा तुम्ही धबधब्याचं इतकं वर्णन केलंत की ती म्हणाली, "पुरे, मजला येथेंच भोवळ येईल." त्या दोन माणसांबद्दल तुम्ही तिला कधीच काही सांगितलं नाहीत. सांगता आलं असतं, मला वगळून. पट्टीश्वरम्‌च्या हुकलेल्या बसची गोष्ट तुम्ही पुढेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "आमच्या मुलखाचें माणूस अजून भेटलें नाहीं" म्हणून, आणि मी कॉफी घेऊन यायचे, पेले ठेवायचे आणि आत निघून जायचे. सहा वर्षांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर माझं लग्न झालं, यांच्या नोकरीपायी आम्ही पुण्याला आलो, आणि ज्या माणसांपैकी एक तरी भेटावं म्हणून तुम्ही उन्हातून सायकल मारलीत ती माणसं माझ्या जिन्यावर, दुधाच्या रांगेत, दवाखान्यात सगळीकडे होती. एकदा भीमेकाठच्या त्या गावालाही जाऊन आले. गाव आहे, अप्पा. नदीला तेव्हा पाणी थोडं होतं. शाळेच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आपलं आडनाव सांगितलं, त्यांनी ओळखलं नाही, पण एकानं विचारलं, "एवढ्या लांबून कशापायी आलात?" तुमच्या वतीनं आले असं म्हणण्याचा अधिकार मी त्या कठड्यापाशी सोडला होता.

कॉन्व्हेंटमध्ये असताना मुली आपली पापं एका कागदावर लिहून काढत आणि मग तो कागद फाडून टाकत. मी त्यांच्या धर्माची नव्हते, तरी मला ती रीत आवडायची. पण मी कागदावर नेहमी लहान गोष्टी लिहायचे आणि मोठी तशीच ठेवायचे. आजही तेच होत होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमच्याशिवाय ते कोणासाठी नाही, तरी इथवर येऊन मी थांबणार होते. एक सांगायचं राहिलं आहे.

ही गोष्ट मी मुलांना सांगितलेली आहे. अनेकदा. लग्नकार्यात लोक मला आग्रह करतात, "ती घाटातली गंमत सांगा," आणि मी ती चांगली रंगवते. त्यात मी आणि ड्रायव्हर दोघंच आहोत. मी त्या बाईंच्या काळ्या चष्म्याची आपल्या भाषेत थट्टा करते, आणि त्या चष्मा काढून मराठीत उत्तर देतात. सगळे पोट धरून हसतात. मागच्या रविवारी नातीनं मात्र मध्येच विचारलं, "आजी, पण तुझे बाबा पण होते ना त्या गाडीत? ते काय म्हणाले?"

मी म्हणाले, ते झोपले होते.