गुरांच्या हौदातलं ऊन

बाबा,

लिहीन लिहीन म्हणत लई दिवस टाळलं. कधी पेन सापडेना, सापडला की भूक लागायची, आणि जेवून गच्चीवर आलो की रस्त्यावरून जाणारे टँकर बघत बसायचो. खरं सांगायचं तर तुमच्याशी बोलायची सवयच राहिलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. चौथीतलं पोरगं बापाशी काय बोलणार? आज मात्र लिहितोच. जे बघितलं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? तुम्ही तसं म्हणणार नाही.

मी आपल्या गावात आहे. दचकू नका, मीच अजून दचकलेला आहे. तुमच्यानंतर माय मला घेऊन निलंग्याला मावशीकडे गेली ती परत इकडे फिरकली नाही. मी शाळा नववीत सोडली आणि भटकत राहिलो. नांदेडला हॉटेलात कपबश्या धुतल्या, निलंग्याला रसवंतीवर चरक फिरवला, इस्लापूरजवळ धबधब्याच्या वाटेवर कणसं भाजली. तिथं धंदा कमी आणि बघणं जास्त व्हायचं. एवढं पाणी वरून पडतंय, आणि खाली कुणी घागर लावून उभं नाही, याचंच मला नवल वाटायचं. गिऱ्हाईक ओरडायचं, कणीस जळालं म्हणून. तर ते राहू द्या. शेवटी लातुरात एका सोलरवाल्या शेठकडे लागलो, आणि शेठनंच मला इकडे धाडलं. गाव कोणतं ते मला एसटीत बसल्यावर कंडक्टरनं तिकीट फाडताना कळलं. उतरून जावं असं वाटलं होतं. पण खिडकीची जागा मिळाली होती.

चाकूरकडून येताना आता गाव ओळखू येत नाही. नवा जिल्हा होणार, आपला भाग त्यात जाणार, अशी हवा आहे, त्यामुळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेत. पिकाचा पत्ता नाही, दगड मात्र ओळीनं उगवलेत. त्या दगडांच्या मधोमध एका खताच्या दुकानदारानं बंगला बांधलाय, उद्या जिल्हा झाला की साहेब लोक भाड्यानं येतील म्हणून. आणि बंगल्यामागं, बाबा, स्विमिंग पूल. निळ्या फरशीचा, स्टीलच्या शिडीचा. आपल्या गावात. मी पिशवी खाली ठेवायचंच विसरलो.

पण तो मौजेसाठी नव्हता. दुकानदाराची पोरगी, असेल दहाएक वर्षांची, ट्रॉलीवरून पडली होती. ऑपरेशन झालं, हाडं जुळली, पण पाय वजनच घेईनात. लातूरचे डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात रोज चालवा, पाणी वजन उचलतं, पाय आपोआप शिकतील. आणि हे याच वर्षात व्हायला पाहिजे, नंतर पाय असेच राहतील. बापानं ऐकलं आणि अंगण खोदलं. बोअरला तेव्हा पाणी होतं. पण दिवाळीनंतर ते पाणी एवढं गार पडायचं की पोरीच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. ती शिडीला धरून रडायची आणि बाहेर काढा म्हणायची. म्हणून सोलर.

शेठनं दोन नमुने दिले होते. एक काचेच्या पेटीतला, आत तांब्याच्या नळ्या. दुसरा म्हणजे बारीक बारीक काळ्या नळ्यांची प्लास्टिकची चटई, छपरावर अंथरायची, पंपानं पाणी तिच्यातून फिरवायचं आणि परत पुलात सोडायचं. मालकाला काचेचा पाहिजे होता, कारण तो रस्त्यावरून चमकतो. मी म्हणालो, तुमच्या बोअरचं पाणी खारं, तांब्यात पांढरा थर धरील, मायच्या पातेल्यांना धरायचा तसा; आणि पुलाचं पाणी उकळायचं नाही, नुसता गारठा मोडायचा आहे, त्याला चटईच बरी, फक्त जागा जास्त लागते. मालक काही ऐकेना. तेवढ्यात उन्हात टाकलेल्या त्या चटईवर खुर्चीतल्या पोरीनं हात ठेवला आणि म्हणाली, “पप्पा, म्हशीच्या पाठीवाणी लागायलंय.” झालं, चटई ठरली.

मग दिशेवरून अडलं. थंडीतला सूर्य दक्षिणेकडं कलतो, म्हणून उतार दक्षिणेला. मालकाचा मेव्हणा म्हणाला, दक्षिण यमाची, आजारी पोरीचं पाणी तिकडं तोंड करून नको. मालकाची आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “यम आला तर दारानं येईल, त्याला छपराची काय गरज?” उतार दक्षिणेलाच ठरला. मी गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा केला, चटया अंथरल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पट्ट्यांनी आवळल्या, पाइप खाली पंपाला आणून जोडला. पहिल्या दिवशी परतीच्या नळीखाली हात धरला आणि चमकलो. ऊन चक्क ओलं होऊन हातावर पडत होतं. आठवड्यात पुलाचं पाणी अंगाला बरं वाटायला लागलं, आणि पोरगी आईचे हात धरून त्यात पाय टाकायला लागली. पाण्यात चालायची, बाहेर आली की खुर्ची. म्हातारी मात्र मला जेवताना रोज एक भाकरी जास्त वाढायची. मला वाटलं, स्वभाव असेल. लातुरात पाण्यावाचून बांधकामं बंद, नवं काम नाही, म्हणून शेठ म्हणाला, तिथंच राहा, पंपावर लक्ष ठेव.

माघात बंगल्याचा बोअर आटला, आणि आपली विहीरही. आपली म्हणजे गावची. आपला दोर तिच्यावर कधी नव्हता. कुणी पाटी लावली नव्हती, पण नव्हता. घागर पडली की मात्र वस्तीवर माणूस यायचा आणि तुम्ही लंगोट कसून निघायचात. दोर नसलेला माणूस तिच्या तळाला हात लावून यायचा. मी एकदा काठावरून आत खडा टाकला होता, आठवतं? तुम्ही तेव्हा पाण्यात नव्हतात, माझ्याच शेजारी उभे होतात, तरी कानाखाली वाजवली. “पाण्यात दगड टाकायचा न्हाई. खाली माणूस असंल.” त्याच संध्याकाळी तुम्ही मला पोहायला शिकवायचं म्हणून पत्र्यावर वाळत ठेवलेला भोपळा काढला, माझ्या पाठीला बांधून बघितला, दोरी आखूड पडली म्हणून हसलात. परीक्षा झाली की उतरवतो म्हणालात. त्याआधीच कुणाची तरी तांब्याची घागर पडली. तुम्ही उतरलात ते परत आला नाहीत. दुसऱ्या दिवशी चाकूरहून आलेल्या माणसांनी तुम्हाला काढलं. घागर तिथंच राहिली. कुणाची होती ते मायनं कधी सांगितलं नाही.

गाळ काढायचाय म्हणून गावानं माणसं उतरवली, तेव्हा मी बघायला गेलो. बाबा, एवढीशीच? मी इतकी वर्षं तिला तळच नाही असं धरून चाललो होतो. खाली वाळलेला चिखल, त्याला भेगा, आणि एक शेळी उतरली तर चढून येईल अशा पायऱ्या. काठावर दोन पोरं उभी होती, त्यांनी खडे टाकले तर मी ओरडलो, खाली माणूस आहे म्हणून. आवाज तुमचाच निघाला.

आणि चिखलातून भांडी निघायला लागली. तुमच्यानंतर कुणी उतरलंच नव्हतं ना. कळश्या, बादल्या, एक रहाटाची चाकी, पितळी तांबे, पोचे पडलेल्या घागरी. वर ओळीनं मांडल्या, बायांनी राख लावून घासल्या, आणि ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं वाचून जो तो आपलं उचलायला लागला. लग्नातलं भांडं परत मिळालं म्हणून एक बाई रडली. एका घागरीवरचं नाव कुणाला लागेना, म्हणून ती माझ्याकडं दिली, हा शिकलेला दिसतो म्हणून. मी बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं. ते म्हातारीचं नाव होतं. ज्या घरात मी जेवत होतो त्या घरातल्या म्हातारीचं.

मी घागर उचलून बंगल्यावर घेऊन गेलो. म्हातारीनं ती मांडीवर घेतली, पदरानं पुसली. सगळं घर भोवती होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “तू आलास त्याच दिवशी वळखलं मी तुला. चालणं त्याचंच हाय.” मग घागरीकडं बघत म्हणाली, “दोनदा वर आला होता तो. घागर गावंना म्हणला. मीच काठावरून म्हणले, आनखी एक बुडी मार बाबा, तांब्याची हाय.”

राग आला की काय आला, ते मला अजून कळलेलं नाही. कानात नुसतं पाणी गेल्यासारखं झालं. एवढंच आठवतं की पंप चालू होता आणि त्याची घरघर ऐकू येत होती.

त्याच आठवड्यात पंचायतीचा माणूस बंगल्यावर आला. टँकर मंजूर झालाय, पण विहिरीत ओतलं तर सगळं भेगांत जातंय. तुमचा पूल द्या, फरशीचा आहे, गळत नाही. मालक हात जोडून म्हणाला, बाकी काय पाहिजे ते मागा. मग आईकडं वळून म्हणाला, “आई, पोरगी आत्ता कुठं पाय टाकायलीय. हे वर्ष गेलं की संपलं.” तो रडायच्या बेतात होता, आणि त्याचं चूक होतं असं मला वाटलं नाही.

म्हातारी म्हणाली, “तिला टाकं कशाला पायजे? कमरेइतकं पाणी पायजे. तू झालास तवा उन्हात घंगाळ ठिवून त्या पाण्यानं न्हाऊ घातलंय तुला. गुरांचा हौद मोकळाच हाय की. टाकं सोड गावाला.” मग मला विचारलं, “तुझ्या चटया हौदाला लागतील का?”

गुरं चारा छावणीत गेली होती. हौद गोठ्यापुढं कोरडा पडला होता, लांबलचक, दगडी, पोरीच्या कमरेला येईल असा. मी पाइप तोडला, वळवला, जोडला. पुलातलं जुनं पाणी धुण्याला वाटलं, फरशी घासली, टँकर आला. बाया दोर घेऊन शिडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, निळ्या पाण्यात घागरी सोडायला लागल्या. आपल्या वस्तीतल्या बाया फाटकापाशी थांबल्या होत्या. म्हातारी काठावरून सरकली, जागा केली, आणि तीच घागर आत सोडली. भरल्यावर तिला ओढवेना, तेव्हा वस्तीतल्या एकीनं दोराला हात लावला. दोघींनी मिळून ती नेऊन हौदात ओतली. मग कुणी न सांगता प्रत्येकीनं घरी न्यायच्या आधी एक खेप हौदात टाकली.

मी मात्र त्याच दिवशी गोंधळ घातला. पंप चालू केला आणि विहिरीवर एका बादलीवरून दोन भाऊ भांडत होते ते ऐकत बसलो. एवढ्या मोठ्या पुलाच्या हिशोबानं घेतलेल्या चटया आणि एवढंसं पाणी, हे डोक्यातच आलं नाही. परत आलो तर घरचे पोरीला उचलून आत सोडणार होते, तेवढ्यात म्हातारीनं पाण्यात कोपर बुडवून बघितलं. “चहाचं आधण ठिवलंयस काय रे?” एक चटई ठेवून बाकी सगळ्या मी बंद केल्या, आणि तेव्हापासून पंप चालू असला की पाण्याजवळून हलत नाही. पोरगी मात्र हौदात उभी राहून सगळ्यांना ऐकवत होती, “म्हशी छावणीत आणि मी म्हशीच्या हौदात.” हसताना तिनं काठाचा हात सोडला होता. ते तिच्या लक्षात नव्हतं. आम्ही कुणी सांगितलं नाही.

फाल्गुन संपत आलाय. ती गोठ्याच्या भिंतीला धरून चार पावलं टाकते आणि बसते. पुढं काय ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी गच्चीवर चटईशेजारी बसून चटयांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हे लिहितोय. लिहून झालं की विहिरीत टाकावं असं मनात होतं. पण आता तळ दिसतो. कुणीही उचलून वाचेल. तेव्हा पिशवीतच राहील.

एक राहिलं. घागर निघाल्यापासून इथं सगळ्यांना मी सांगत सुटलोय, बुडी मारणाऱ्याचा पोरगा आहे, मला काय शिकवता. पाऊस पडून पूल परत भरला की पोहायला शिकव, असं पोरीनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. बाबा, मला पोहता येत नाही. मायनं कधी पाण्याजवळ जाऊच दिलं नाही. भोपळा अजून मावशीच्या माळ्यावर आहे.

थांबा. जिन्यात काहीतरी घासत वर येतंय. खालून पोरीची आई हाका मारतेय, कुठं गेलीस म्हणून. शेवटच्या पायरीवर तीच आहे, पाठमोरी, एकेक पायरी बसत बसत आलेली, ओल्या फ्रॉकनं. आता कठड्याला धरून उठायलीय. मी उठलो तर म्हणाली, “हात देऊ नको. पाणी गार झालंय, तेवढं सांगायला आलेय.”