राखाडी चौकटीतली सूचना

प्रिय आई,

हे पत्र घेऊन आलेल्या बसच्या कंडक्टरला दारात ताटकळत ठेवू नकोस, आत बसव. तो थांबणार आहे, तसं मी त्याला बजावलंय. आणि वाचता वाचता पायात चपला घाल. का, ते सांगतेच. मी घाबरले आहे आई, तुझ्या जिवाला घाबरले आहे. घाईघाईत लिहितेय, अक्षर बघून तू म्हणशील, कोंबडीचे पाय. फोन केला असता, पण आपल्या फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, उलटं कधी होत नाही. कानातलं यंत्र बटणांच्या डब्यात टाकून ठेवतेस, आणि वर मलाच म्हणतेस की मी पुटपुटते. शिवाय कारण कळल्याशिवाय तू जागची हलणार नाहीस, हे मला काय आज कळलंय? म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येच काहीतरीच तुझं म्हणून कागद खाली ठेवायचा नाही.

मी काय काम करते असं कुणी विचारलं की तू सांगतेस, कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिते. तर ते काहीतरी म्हणजे नगरपालिकेच्या वेबसाइटवरचा मजकूर. आमच्याकडे मजकूर एका जागी साठवलेला असतो आणि लोकांना दिसणारी पानं वेगळीच असतात. एखादी सूचना एकदाच लिहायची आणि हव्या तितक्या पानांना जोडायची. बागेच्या पानावर तीच, पुलाच्या पानावरही तीच. पान लोकांसमोर जाण्याआधी कसं दिसेल ते आम्ही प्रिव्ह्यूमध्ये बघतो. तू कोट कच्च्या टाक्यांवर गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतेस ना, तसं. पण आमच्या प्रिव्ह्यूत एक खोट होती. पानाचा स्वतःचा मजकूर दिसायचा, आणि जिथे काही जोडलेलं असेल तिथे नुसती राखाडी चौकट. बाह्यांशिवायच कोट घालून बघायचा म्हण. सगळे वैतागले होते. मी आमच्या तंत्रज्ञाच्या, त्या चष्मिसच्या, हात धुऊन मागे लागले, आणि गेल्या आठवड्यात त्याने ते जमवलं. आता जोडलेला मजकूर जागच्या जागी दिसू लागला. अजून मंजूर न झालेला, कच्चा असला तरी. त्याला पुढे आणखी काही जोडलेलं असेल तर तेही. साहेबांनी चक्क शाबासकी दिली, आणि मी दोन दिवस हवेत होते.

आज दुपारी नदीकाठच्या फिरायच्या रस्त्याचं पान उघडलं. बाकांचे फोटो बदलायचे होते, बस्स. त्या पानाच्या तळाशी या भागासाठीच्या सूचनेची चौकट आहे, ती इतके दिवस राखाडीच असायची. आज तिच्यात अक्षरं होती. धरणाच्या भिंतीतून होणारी गळती वाढल्याने पुलाखालच्या वस्तीतील सर्व रहिवाशांनी ताबडतोब घरे सोडावीत. पुन्हा एकदा वाचलं. पुलाखालची वस्ती म्हणजे कोण, तर तूच की! मग स्वतःला दटावलं, अगं बाई, नमुना असेल, तयार करून ठेवत असतील. पण त्या सूचनेला आणखी एक पान जोडलेलं होतं, आणि आमच्या हुशारीमुळे तेही खाली उघडलं होतं. चढावरच्या शाळेत किती गाद्या पोचल्या, किती यायच्या राहिल्यात, याची नोंद. ती कुणीतरी आज सकाळीच बदललेली होती. नमुन्यासाठी गाद्या कोण वाहून नेतं, आई?

पाणीखात्यात फोन लावला. पलीकडची बाई आधी हसली, हे दरवर्षीचंच आहे म्हणाली. मग एकदम आवाज बदलून विचारू लागली की तुम्हाला ते दिसलं कसं. मी फोन ठेवून दिला. थोड्याच वेळात साहेबांनी चष्मिसला बोलावून जोडलेला मजकूर दाखवणं बंद करायला लावलं. पुन्हा आपली राखाडी चौकट. मी साहेबांच्या खोलीत गेले, तर म्हणाले, उद्या सकाळी बैठक आहे, तिथे काय ते ठरेल, तोवर तोंडाला कुलूप. लोकांना घराबाहेर काढलं आणि काहीच झालं नाही, तर खात्याची शोभा होईल म्हणे. माणूस वाईट नाही गं तो. तोही घाबरलाय, फक्त भलत्याच गोष्टीला. मला भांडायचं होतं, ते राहिलंच. नुसती मान हलवून बाहेर आले.

जिन्यात उभी होते तेव्हा तुझं परवाचं फोनवरचं बोलणं आठवलं. समोरच्या घरातली म्हातारी, धरणावरच्या इंजिनिअरची सासू, कपाटासकट टेम्पोतून निघून गेली. दुरुस्तीला टाकलेला कोट न्यायलाही थांबली नाही, म्हणून तू केवढी फणफणली होतीस! लेकीकडे जायची एवढी कसली घाई, असं मला चारदा विचारलंस. कसली ते आता मला कळलं. जावयाने सासूला हळूच उचललं आणि बाकीच्यांना बैठकीच्या भरवशावर सोडलं. असा राग आला, की समोर असता तर कॉलर धरली असती. आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण मी तरी काय करत होते? माझ्याही डोक्यात पहिल्यांदा एकच आलं, आईला काढायचं. दुसरं कुणी आठवलंसुद्धा नाही.

तुला एकटीला वर आणून गप्प बसता आलं असतं. पण तुझ्या भिंतीला लागून तो बेकरीवाला आहे, त्याच्या दोन तान्ह्या मुली आहेत, पलीकडे ती पायाने अधू शिक्षिका आहे. त्यांना कोण पत्र पाठवणार? चौकट राखाडी केली म्हणून आतला मजकूर पुसला जात नाही. तो तिथेच आहे, आणि तो लोकांसमोर आणायचं बटण माझ्याही हातात आहे, हे साहेबांच्या लक्षात राहिलेलं नाही. हा कागद कंडक्टरकडे दिला की मी वर जाऊन ते दाबणार आहे. मग ती सूचना जिथे जिथे जोडली आहे त्या प्रत्येक पानावर एकदम दिसेल, घराघरात फोन वाजतील, रस्त्यात आरडाओरडा होईल, आणि तू आपली मशीनवर मान खाली घालून शिवत बसशील. त्यातलं तुला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. म्हणून हे लिहिलं. उद्या माझी नोकरी राहणार नाही, कदाचित चौकीवरही नेतील, ते बघून घेऊ. मशीन राहू दे, कोट राहू देत, गिऱ्हाइकांचं मी बघते. कंडक्टरचा हात धर आणि बसमध्ये चढ, तो त्या शाळेत सोडेल, पण त्याआधी बेकरीवाल्याचं दार धडाधडा वाजव, शिक्षिकेला दोघांनी मिळून आणा. उद्या नदी जागच्या जागी असली आणि मी मूर्ख ठरले, तर शाळेतल्या गादीवर बसून सगळ्या वस्तीसमोर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. मी मान खाली घालून ऐकेन. फक्त शिव्या घालायला तू तिथे अस.

तुझीच,
कटकट