पाण्याखालचा जाळ

१६ मार्च १९८२, मंगळवार
कालव्याचं दार अजून अडकलेलंच. धरणाच्या तळाशी, वाकलेल्या पत्र्यात नि गजांत. खाली मळे वाळायला लागलेत. आज दोघं मळेवाले घरापर्यंत आले. "कोबी गेला, निदान फुलं तरी वाचवा साहेब." ह्यांना साहेब म्हणतात! पाणबुड्याची नोकरी, साहेब कसले.
उद्यापासून हे ते गज विजेने कापणार, पाण्याखाली. मी विचारलं, विझत नाही? "कांडी टेकली की पाण्यातच जाळ. वरून प्राणवायू सोडायचा, लोखंड जळत जातं." सांगताना चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा.

१७ मार्च
शाळेत आठवीला पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल दाखवली. मुलींना ह्यांचं सांगितलं: खाली पाना जवळ दिसतो, मोठाही दिसतो, धरायला जावं तर मूठ अलीकडेच मिटते. हसल्या.
नववीला विजेने पाण्याचे दोन वायू. नळीला काडी लावली, फट्! मुली किंचाळल्या नि माझ्या मनात एकदम आलं, तिथेही वीज, तिथेही पाणी. बुडबुडे वर जाऊन त्या वाकलेल्या पत्र्याखाली साचले तर?
घरी सांगितलं. "बाई, शाळा शाळेत ठेवा."

१८ मार्च
ह्यांना डाव्या बाजूने हाक मारली, ओ नाही. सासूबाईंनी मीठ मागितलं तर अख्खी मान फिरवून "काय?" संध्याकाळी जरा आडवे झाले तर उशीवर पिवळट डाग.
आधी "काही नाही", मग बोलले. दुपारी पत्र्याखाली धप्प झालं. छातीत कुणी दगड घालावा तसं. कांडी सुटली. नानांनी दोरीने वर ओढलं. (नाना म्हणजे ह्यांचे जुने जोडीदार, घोटीकडचे. आता उतरत नाहीत, काठावर दोरी धरतात.)
"पाण्यात आवाज चहूकडून सारखाच येतो. तिथे एक कान काय नि दोन काय."

१९ मार्च
डॉक्टरकडे ओढतच नेलं. पडद्याला भोक. गार पाणी आत शिरलं की भोवळ येईल, वर कुठलं खाली कुठलं कळणार नाही, म्हणाले. डोकंसुद्धा भिजवायचं नाही.
जिना उतरताच हे: "इंजिनीअर साहेबांना कळता कामा नये. टेबलावर बसवतील कायमचं. दोनच गज राहिलेत. सोमवारी उतरणार."
भांडण. 

२० मार्च, शनिवार
सकाळची शाळा. तिथूनच सीबीएस स्टँडवर जाऊन धरणाची बस धरली. नाना काठावर. "जयभीम ताई, इकडं कुठं?"
"नाना, ह्यांना उतरू देऊ नका."
"लय जिद्दी हाय तो. माझं नाय ऐकायचा."
मग मीच इंजिनीअर साहेबांच्या खोलीत गेले. दोन वाक्यांत सांगितलं. 
बाहेर आले तर हे दारात. सगळं ऐकलेलं, एका कानाने.
एकाच बसने आलो. मी पुढे, हे मागे.

२१ मार्च
सकाळपासून हे माझ्याकडे पाठ करून बसलेत. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस गं. पण त्याच्या जागी आता कोण?"
हा विचार मी केलाच नव्हता.
दुपारी नाना आले. साहेबांनी त्यांना विचारलं, ते हो म्हणाले!! हे ताडकन उठले. "नाना, तुमची छाती..."
"लेकीचाबी मळा तिथंच हाय. तू दोरी धर. दुसऱ्या कुणाच्या हातात मी नाय जायाचा."
चहा झाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वायू साचू नये म्हणून काय करता येईल?"
बादलीत पालथी वाटी बुडवून दाखवली. हवा अडकून राहते. जरा कलती केली की बुडूक करून निघून जाते. पत्रा काही कलता होणार नाही, म्हणजे त्यालाच वरून वाट पाहिजे.
"आधी वरच्या अंगाला भोक," नाना म्हणाले. विजेने नाही, हाताच्या ड्रिलने.
ह्यांनी विचारलं, खात्री आहे? नाही, म्हटलं. वाटीची आहे, दाराची नाही.
नाना हसले. हे नाही.

२२ मार्च
सकाळीच गेले दोघं. जाताना हे डबा विसरले, परत आले. हातातून घेताना बोटं क्षणभर तशीच ठेवली.
शाळेत काय शिकवलं, आठवत नाही.
सुटल्यावर स्टँडवर थांबले, धरणाची संध्याकाळची बस आली. हे नाहीत. नाना नाहीत. कंडक्टरला विचारलं, त्याला काही माहीत नाही.
घरी येते तोच गल्लीतून एक मळेवाला सायकलवर ओरडत गेला, "पाणी आलं! कालव्याला पाणी आलं!" सासूबाईंनी हात जोडले.
पाणी आलं म्हणजे दार उघडलं. उघडलं तेव्हा, पाण्याच्या त्या ओढीत, नाना त्याच्या कुठल्या अंगाला होते? विचारावं असं इथे कुणी नाही.
सासूबाई थांब म्हणतायत. शेवटची बस अजून असेल. निघते.