डब्यातल्या नमद्याच्या चकत्या

लिहून ठेवणार मी, रत्नाकर देवीदास नंदेश्वर, वय एकाहत्तर वर्षे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार रांझी, जबलपूर. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, लोभाने किंवा नशेत लिहिलेले नाही. माझे चित्त ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यामागे कानाच्या डॉक्टरांचाही एक कागद आहे. वकीलसाहेब म्हणाले, "इसकी कोई जरूरत नहीं है, रत्नाकरजी." मला आहे. का, ते चौथ्या कलमात येईल.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही पत्नी हेमलता हिच्या नावे होते. ती माझ्याआधी गेली, त्यामुळे ते रद्द समजावे. आम्हाला मूलबाळ नाही.

कलम एक. रांझी येथील दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझी धाकटी बहीण प्रमोदिनी, राहणार इटारसी, हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. पुढच्या खोलीतला पंखा कुरकुरतो. तो मला दुरुस्त करता येत नव्हता असे कोणी समजू नये. जन्मभर मी तारा आणि यंत्रेच दुरुस्त केली. घरात दुसरा आवाज नसल्यामुळे तो मी मुद्दाम तसा ठेवला. आता त्यात तेल घालायला हरकत नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरलेले वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला द्यावे. त्रिशरण, पंचशील म्हणावे, बाकी काही नको. हेमलताच्या अस्थी तिलवाऱ्याला नर्मदेत सोडल्या होत्या, माझ्याही तिथेच सोडाव्यात. त्या दिवशी लाउडस्पीकर लावू नये. मंडपवाल्याच्या भोंग्याचा खर्ज फाटलेला आहे. हे मी त्याला तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा त्याने मला चहा पाजून वाटेला लावले.

कलम तीन. सोल्डरिंगची हत्यारे, मीटर, चुंबकांच्या उरलेल्या पट्ट्या आणि तारेची रिळे गुरंदी बाजारातल्या लहानू भैयाला द्यावीत. त्याच्या भंगाराच्या ढिगात मला एक परदेशी, एका कानाने मेलेला हेडफोन सापडला होता. तो उघडून पाहिला आणि माझी पुढची सगळी वर्षे त्यात गेली.

प्रमोदिनीचे यजमान नीलकंठराव हे रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी माझ्या हेडफोनला पाहुण्यांसमोर "हेल्मेट" म्हटले आणि "स्कूटर कुठे आहे?" असेही विचारले. मृत्युपत्रावर साक्ष करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, असे वकील सांगतात. म्हणून त्यांना मुद्दाम साक्षीदार केलेले नाही, कारण मला त्यांना काही द्यायचे आहे. माळ्यावर मी बनवलेला पहिला, फसलेला, मागून बंद असलेला जोड आहे. त्यात आवाज घुमतो, पण बाहेरचे काही ऐकू येत नाही. प्रमोदिनी बोलायला लागली की त्यांनी तो घालावा.

कलम चार. माझा चालू हेडफोन, त्याचा ॲम्प्लिफायर, "मटार" असे लिहिलेली कॅसेट, तिची पेनड्राइव्हवर उतरवलेली प्रत आणि बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा माझी भाची विभावरी हिला द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. नीलकंठरावांची नोकरी फिरतीची होती, म्हणून तिची शाळेची सगळी वर्षे आमच्या घरी गेली. हेमलताचा आवाज रोज, रागाचा आणि लाडाचा, ऐकलेले आता दोघेच उरलो आहोत, ती आणि मी.

तिला हे यंत्र समजून घ्यावे लागेल, म्हणून लिहितो. साध्या हेडफोनमध्ये एक लहानशी वाटी असते आणि तिला एकाच जागी धक्का मिळतो. यात वाटी नाही. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ सपाट पडदा आहे, त्यावर ॲल्युमिनियमची नागमोडी रेघ आहे आणि पुढेमागे चुंबकांच्या पट्ट्या आहेत. रेघेतून वीज गेली की अख्खा पडदा एकदम हलतो. त्यामुळे खर्ज पोटात गुद्दा मारत नाही. तो सपाट, शांतपणे अगदी खालपर्यंत जातो. डग्ग्यावर तळवा सरकतो तेव्हा ते सरकणे ऐकू येते. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींत मिसळूनही वेगळ्या राहतात. दोषही सांगतो. वजनाने मान अवघडते. गादी कानाला नीट टेकली नाही, नुसती चष्म्याची दांडी मध्ये आली, तरी खर्ज गळून जातो. पडदा सैल राहिला तर चुंबकाला घासून खरखरतो. आणि वरच्या सुरांना धार चढते. तिला आवर घालायला पडद्यामागे नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या लावतात. जास्त लावल्या तर माणूस गोधडीतून बोलल्यासारखा वाटतो, कमी लावल्या तर प्रत्येक "स" टोचतो.

किती लावायच्या हे ठरवायला लोक यंत्रे वापरतात. माझ्याकडे हेमलता होती. हिवाळ्यात ती पनागरचे मटार सोलत बसली असताना मी तिचे बोलणे टेप केले. मग हेडफोन लावून टेप ऐकायची, हेडफोन काढून तिला तेच बोलायला लावायचे, आणि दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत चकत्या कमीजास्त करायच्या, असा आमचा उद्योग काही वर्षे चालला. ती वैतागायची.

"काहून? कालच तं बोलली ना."

"काल चकती जाड होती."

"मले काय रेडिओ समजले का तुम्ही?" असे म्हणून ती परत पहिल्यापासून सुरू करायची. "आज मटार आणले पनागरचे. शेंगा साऱ्या भरून आहेत. सोलायले बसा जरासे."

शेवटी एके दिवशी मी डोळे मिटून ऐकत होतो आणि टेप संपल्यावरही ती बोलतच होती. टेप कुठे संपली आणि ती कुठे सुरू झाली, ते मला कळले नाही. त्या दिवशी मी स्क्रू घट्ट केले. माझ्या आयुष्यातले इतके चांगले काम ते एकच.

ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी ती टेप लावू लागलो. काही वर्षांनी तिचा आवाज मंद वाटायला लागला. शेंगांतला "श" विझल्यासारखा झाला. मी आधी कॅसेटला दोष दिला, पण विभावरीने उतरवून दिलेली प्रतही तशीच निघाली. मग गाद्या बदलल्या. मग पडदा म्हातारा झाला असे ठरवून मागची एक चकती काढली. आवाज परत आला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मंद झाला, पुन्हा एक काढली. पडताळून पाहायला समोर हेमलता नव्हती. असे करत करत सगळा नमदा डब्यात आला.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत विभावरी हैदराबादहून आली होती. मी कौतुकाने हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. तिने लगेच तो काढला.

"मामा, ये मामी नहीं है," ती म्हणाली. "मामी अशी नव्हती बोलत. हे कानात टोचून राहिलं."

"तुझे कान मोबाइलने गेले," मी म्हणालो.

"अच्छा, चलो, मेरे ही गए," असे म्हणून ती आत गेली. स्वयंपाकघरात ती रडत होती. ते मला ऐकू आले नाही. डोळे पाहून समजले. सकाळच्या गाडीने ती परत गेली.

त्यानंतर मी कान तपासून घेतले. सोबत जोडलेला कागद तोच. त्यावरची रेघ डावीकडे ठीक चालते आणि उजवीकडे, उंच सुरांपाशी, भेडाघाटच्या धबधब्यासारखी खाली जाते. डॉक्टर म्हणाले, उमर का तकाजा है. म्हणजे कॅसेट, गाद्या, पडदा, सगळे शाबूत होते. झिजलो मी, आणि कापत राहिलो तिच्या आवाजाला.

विभावरीचे बरोबर होते. हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर मी "जेवलीस का?" यापुढे जात नाही आणि तीही "हो मामा" यापुढे जात नाही. म्हणून मुद्रांकाच्या कागदावर, साक्षीदारांसमोर लिहून देतो.

आता कोणी विचारेल की समजले तर चकत्या परत का नाही लावल्या. एकदा लावून पाहिल्या. हेमलता भिंतीपलीकडे बोलत असल्यासारखी वाटली. तेवढे मला सोसले नाही, मी त्या पुन्हा काढल्या. माझ्या हयातीत हेडफोन असाच राहील. सध्याची त्याची जुळणी जगात एकाच माणसाच्या कानांना बसते आणि त्या माणसाला संध्याकाळी दुसरे काही काम नाही.

माझ्यामागे मात्र विभावरीने डबा उघडावा. प्रत्येक चकतीवर डावी-उजवी आणि लावण्याचा क्रम लिहिला आहे. एकेक लावून टेप ऐकावी. माझ्या खुणांवर फार विसंबू नये. नमदाही आता दबला असेल. मामी जशी तिच्या आठवणीत आहे तशी ऐकू आली की थांबावे. हे काम दुसऱ्या कोणालाही देता येणार नाही.

हेडफोनची मागची जाळी उघडीच ठेवावी. बंद केली तर बाहेरचा गोंगाट थांबेल, असे तिला कोणीतरी सुचवील. मलाही सुचवले होते. पण जाळी हेमलताच्या सांगण्यावरून उघडी ठेवली आहे. "मागून बंद नका करू," ती म्हणाली होती, "मी हाक मारली तं तुमाले ऐकू येत नाही." ती गेल्यावर जाळी बंद करायला हरकत नव्हती. मी केली नाही.

कलम पाच आणि शेवटचे. टेपच्या शेवटी हेमलता विचारते, "ऐकून राहिले का तुम्ही?" रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून तेव्हा मी नुसता हात वर केला होता, त्यामुळे टेपवर उत्तर नाही. ती गेल्यापासून रोज, तिथे आलो की मी "हो" म्हणतो. विभावरीला आवाज बरोबर लागला आणि मामी सापडली, तर त्या प्रश्नाला तिने "हो" म्हणावे. घरात कोणी नसले तरी मोठ्याने म्हणावे.

यापेक्षा जास्त मला कोणाला काही द्यायचे नाही आणि कोणाकडून काही नको. जयभीम.

जबलपूर, दिनांक ९ जानेवारी २०२३

(सही) रत्नाकर देवीदास नंदेश्वर

रत्नाकरजींनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही आमची केली. सहीपूर्वी सगळा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि बरोबर आहे म्हणाले.

साक्षीदार:
१. (सही) भानुमती विठोबा गेडाम, शेजारी, रांझी
२. (सही) श्रीरंग नारायणराव खोब्रागडे, सचिव, विहार अभ्यासिका, रांझी